तुमचा उजवा का माझा उजवा?

हा प्रश्न मला अकरा वर्षांच्या एका मुलीनं विचारला. पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लागलेली होती, त्यामुळे पहिल्यांदा मला तो नीट ऐकूच आला नाही. शिवाय मी तिला झापायच्या तयारीत होते. सरावाचा सामना होता, समोर शेवटच्या तुकडीतला एकच गडी उरला होता, आणि ही पोरगी खो मिळाल्यावर उठून नेमकी उलट्या दिशेला पळाली. मी रेषेबाहेरून जीव तोडून 'उजवीकडे! उजवीकडे!' ओरडत होते. ती उजवीकडेच पळाली होती. तिच्या.

"मॅडम, तुमचा उजवा का माझा उजवा? मी तर इकडे तोंड करून बसली होती ना."

खो-खो न खेळलेल्यांना यातली मेख कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. मैदानाच्या मधोमध आठ चौकोन असतात आणि त्यात आठ जण बसतात, पण एकाआड एक उलट्या बाजूला तोंड करून. म्हणजे चौघांचा उजवा हात एका खांबाकडे आणि उरलेल्या चौघांचा दुसऱ्या खांबाकडे. नववा समोरच्या संघाच्या गड्यांमागे पळतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय मागे वळता येत नाही. उठल्यावरचं पहिलं पाऊल चुकलं की चुकलंच. अशा खेळात बाहेर उभं राहून 'उजवीकडे' म्हणणं याला काही अर्थ आहे का? निम्म्या पोरांना तो शब्द बरोबर लागतो, निम्म्यांना उलटा. शाळेपासून आजवर चाळीस वर्षं मी या खेळाच्या आसपास आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी तिला झापलं नाही. पण माफीही मागितली नाही, हे कबूल करते. "बरं, चल, जा पाणी पी" म्हणाले. ती पाणीच पीत होती.

मी काही पगारी प्रशिक्षक नाही. नोकरी कचेरीतली. त्रिमूर्तीनगरच्या बाजूला आमच्या वस्तीलगत एक मोकळं मैदान आहे, तिथं सकाळी पावणेसहा ते साडेसात वीस-पंचवीस पोरं जमवते. मैदानावर ती मला मॅडम म्हणतात, मैदानाबाहेर काकू. उन्हाळ्यात पावणेसहाची वेळ सव्वापाचवर येते, कारण मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि सकाळी आठलाच माती तव्यासारखी होते. आधी आठ-दहा पोरं असायची. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे निघाले. त्यानंतर आमच्याकडे गर्दी वाढली. आधी 'खो-खोनं काय होते' म्हणणारे बापच आता पोरांना गाडीवर आणून सोडतात, आणि वाईट म्हणजे सोडून जात नाहीत, थांबतात.

त्या 'उजव्या'नंतर मी माझ्या लेकीला सांगितलं, पुढच्या मॅचला माझा आवाज मोबाइलवर घे. पोरांचा खेळ नको, माझा आवाज. एक पाळी, नऊ मिनिटं. रात्री कूलरसमोर बसून ऐकलं. ऐकवेना. 'पळ', 'अगं पळ', 'बघ', 'कुठं बघतेस', 'उठ', 'अरे देवा', 'दे ना, खो दे ना', 'आता काय', पुन्हा 'पळ'. मोजायला बसले होते, शंभरच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. त्यातल्या 'पळ'चं मला विशेष वाटलं. पाठलाग करणाऱ्या पोरीला पळायला सांगणारी मी कोण? ती काय बसायला उठली होती? आणि 'बघ'. कुठं बघ, काय बघ, ते कुठंच नाही. त्या नऊ मिनिटांत एखाद्या मुलीला उपयोगी पडेल असं मी किती बोलले, तर तीनदा. त्यातही एकदा 'उजवीकडे'.

पण खरा धक्का वेगळाच होता. ते ऐकेपर्यंत मला कुणी विचारलं असतं, तर मी छातीवर हात ठेवून म्हणाले असते की मी फार बोलत नाही, आणि बोलते ते मुद्द्याचं.

पुढे कळलं की हे माझं एकटीचं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक सामन्यात काय काय करतात, याची मैदानाकडेला बसून नोंद केली. मग प्रशिक्षकांना विचारलं की तुम्ही कसे वागता, आणि मुलांनाही विचारलं की तुमचे सर कसे वागतात. मुलांची उत्तरं नोंदींशी बऱ्यापैकी जुळली. प्रशिक्षकांची फारशी जुळली नाहीत. म्हणजे आपण कसं बोलतो हे जाणून घ्यायचं तर आरशात नाही, पोरांच्या तोंडाकडे बघायचं.

पोरांच्या तोंडावरून आठवलं. बरीच वर्षं मला वाटायचं की सराव संपल्यावर मी बोलायला लागले की पोरं तोंडं वाकडी करतात. डोळे बारीक, कपाळाला आठ्या. आजकालच्या पोरांना काही सांगितलेलं खपत नाही, अशी माझी तक्रार असायची. एकदा कुणीतरी काढलेला फोटो बघितला. मी पूर्वेकडे पाठ करून उभी, बोलतेय, आणि समोर वीस पोरं सूर्याकडे तोंड करून. ती काय करणार, डोळे बारीक करतील नाही तर काय? दुसऱ्या दिवसापासून सूर्याकडे तोंड मी करते. वाकडी तोंडं गेली. भाषणंही आखूड झाली, कारण एप्रिलमधलं सकाळी सातचं ऊन डोळ्यात घेऊन मला स्वतःलाच दोन मिनिटांवर बोलवत नाही.

आमच्या शाळेचे सर आम्हाला उन्हातच उभं करायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, शाळा नागपुरातल्या महाल भागातली. गळ्यात शिट्टी, हातात कडुलिंबाची हिरवी फोक. ती फार वेळा लागली असं नाही, पण हवेत फिरली की आवाज यायचा, तेवढ्यावर काम व्हायचं. 'म्हशी' हे आमचं सामुदायिक नाव. त्या माणसाचं एकच वाक्य मला आज शब्दशः आठवतं. एकदा सरावानंतर मी दोऱ्या गुंडाळत होते, ते जवळून जाता जाता म्हणाले, "तुझं पहिलं पाऊल चांगलं पडतं. खो मिळाल्यावर तू उभी राहत नाहीस, निघतेस." बस्स. पुढं गेले.

आता लोक याचा अर्थ असा लावतात की बघा, कौतुक कमी केलं की त्याची किंमत राहते. मला नाही तसं वाटत. ते वाक्य क्वचित आलं म्हणून राहिलं नाही. त्यांनी बघितलं होतं म्हणून राहिलं. चौकोनात दबून बसलेली मुलगी आधी सरळ उभी होते का, की उठतानाच पुढं झेपावते, हे दिसायला माणसाला तिच्याकडे आणि फक्त तिच्याकडे चार-सहा वेळा बघावं लागतं. फोक फिरवणारा तो माणूस माझ्या पायांकडे बघत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. 'शाब्बास' म्हणाले असते तर विसरले असते. आजही मी उठून निघते, हे वेगळं सांगायला नको. गुडघे बोलतात, पण निघते.

जॉन वुडन नावाचे अमेरिकेत बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ संघाचे. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं. त्यांच्या १९७४-७५च्या शेवटच्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर हे दोन संशोधक सरावाला जाऊन बसले आणि त्यांनी वुडन यांचं शिकवणं एकेक करून टिपलं. २,३२६ नोंदी भरल्या. मला त्यात गंमत वाटली ती ही की नुसतं कौतुक शंभरातलं सातही नाही, आणि नुसती नापसंतीही साधारण तेवढीच. पाऊणएक बोलणं म्हणजे निव्वळ माहिती: काय करायचं, कसं करायचं. चूक झाली की ते बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग त्या पोरानं केलं तसं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत. ना भाषण, ना अपमान. आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो पोरांना गोंजारा, दुसरा म्हणतो फोक काढा. वुडन यांच्या सरावाला दोघांचीही निराशा झाली असती.

दुसऱ्या पक्षाचे एक सभासद आमच्या मैदानावर रोज येतात. एका मुलाचे वडील. मी ओरडणं कमी केल्यावर त्यांना चैन पडेना. आठवडाभर बघून मग आले. "मॅडम, आजकाल तुम्ही काही बोलूनच नाही राहिल्या. पोट्टे ढिले पडतील. पंडित सरांनी विदर्भाले रणजी जिंकून देल्ली ते काय लाड करून?"

नागपुरात या वाक्यापुढं बोलणं अवघड आहे. १ जानेवारी २०१८ला इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा मी कचेरीत खुर्चीवर उभी राहिले होते. पुढच्या वर्षी जामठ्याला घरच्याच मैदानावर सौराष्ट्राला हरवून पुन्हा. विदर्भाचे तेव्हाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीचे कडक, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांचं फळ त्यांच्या पदरात आहे. पण त्या संघातले फैज फजल आणि वसीम जाफर हे बाप्ये होते. जाफर तर चाळिशीला टेकलेले, कसोटी खेळून आलेले. कुणाचा शब्द किती मनाला लावून घ्यायचा हे ठरवायला त्यांना अख्खं आयुष्य मिळालं होतं. माझी पोरं साडेसातला घरी जाऊन बोर्नव्हिटा पितात. मी त्या वडिलांना एवढंच म्हणाले, "भाऊ, पंडित सर रणजीच्या संघाला ओरडत असतील, पण 'पळ' म्हणून नसतील ओरडत." त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि दोरीमागून पोराला ओरडायला सुरुवात केली, "अबे पळ ना!"

कडकपणा मी सोडलेला नाही, हे मात्र सांगते. खांबाच्या आसपास कुणी मस्ती केली, मैदानात खिळा दिसूनही उचलला नाही, नवीन मुलाच्या चपला लपवल्या, तर माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या पोह्याच्या ठेल्यापर्यंत जातो. ठेलेवाला तर्री घालता घालता थांबतो म्हणे.

त्या वडिलांच्या पोराचं एक मात्र माझ्या मनात राहिलं. एकदा हळूच येऊन म्हणाला, "मॅडम, बाबांना सांगा ना, गाडीवर नका बोलत जाऊ." मला वाटलं रहदारीची भीती. तर म्हणे, "हेल्मेटमुळे त्यांना माझं काही ऐकू नाही येत. मला त्यांचं सगळं येते." मैदान ते घर पंधरा मिनिटं, मध्ये तीन सिग्नल, आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोराला उतरताही येत नाही. मी वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. हा लेख त्यांच्या मोबाइलवर गेला तर बरं.

दुसऱ्याच्या बापाबद्दल लिहिणं सोपं. माझं लिहिते. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता, काटक, हसरा, चौकोनात बसला की स्प्रिंग लावल्यासारखा. त्याची एकच खोड, खो मिळायच्या आत उठायचा. नियम असा की पाठीला तळहात लागला पाहिजे आणि 'खो' स्पष्ट ऐकू आला पाहिजे, त्याआधी उठलं तर फाउल. एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटात तो असाच उठला. पंचांची शिट्टी, समोरचा गडी निसटला, मॅच गेली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं साधं जमत नाही तुला? वर्षभर काय शिकलास?" तो काही बोलला नाही. बुटाची लेस बांधायला खाली बसला आणि बराच वेळ बांधत राहिला. त्याचे बूट लेसचे नव्हतेच, चिकटपट्टीचे होते. हे मला घरी गेल्यावर आठवलं.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. आई म्हणाली, ट्यूशन लागली. गोड बोलली. मी विश्वास ठेवला, कारण ते मला सोयीचं होतं.

स्मिथ आणि स्मॉल यांच्याच पठडीतला १९९२चा एक अभ्यास आहे. काही प्रशिक्षकांना हंगामाआधी थोडक्यात शिकवलं की चुकीनंतर आधी धीर द्या, मग नेमकं सांगा, आणि टोचून बोलू नका. पुढच्या वर्षी त्यांच्या हाताखालची शंभरातली पाच मुलं खेळ सोडून गेली. न शिकवलेल्यांकडची सव्वीस. मी हा आकडा वाचला तेव्हा सव्वीस वगैरे काही डोळ्यांसमोर आलं नाही. एकच आलं, चिकटपट्टीच्या बुटांचं.

आणि त्याचा उपायही मला माहीत असायला हवा होता. आता माहीत आहे. खो आधी उठणाऱ्या पोराला 'लवकर उठू नको' सांगून काही होत नाही. मग तो 'उठू नको, उठू नको' हेच डोक्यात घेऊन बसतो आणि खो मिळाल्यावरही उशिरा उठतो. त्याला करायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. मी आता सांगते, "पाठीवर हात लागला की माझ्यासाठी मनात 'एक' म्हण, मग उठ." शरीराकडे लक्ष दिलं की शरीर गोंधळतं, लक्ष बाहेर ठेवलं की ते आपलं आपण जमवून घेतं. संशोधक गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८मध्ये बर्फावर घसरण्याचा सराव करायच्या यंत्रावर हे पडताळलं होतं: काहींना पायाच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे. चाकांवाले जास्त चांगलं शिकले. आमच्याकडे खांबावर झेप घ्यायला शिकवताना मी आधी म्हणायचे, "गुडघा वाकव, कंबर खाली, हात लांब कर, मान वर." पोरगी चार गोष्टी आठवत आठवत खांबावर आदळायची. आता म्हणते, "खांबापलीकडची ती ओली माती मुठीत घे." गुडघा आपोआप वाकतो.

ओली माती असावी म्हणून मीच सकाळी तिथं बादलीभर पाणी टाकते. तेवढी शिकवणी.

पण दिशेचं काय करायचं, हे राहिलंच होतं. त्यावर मी दोन रात्री विचार केला. खांबांना आकडे द्यावे, रंग द्यावे. तिसऱ्या दिवशी सरावाच्या आधी त्या बाटलीवालीलाच विचारलं, तूच सांग, काय ओरडू? तिनं मैदानाकडे बघितलं, एका टोकाला पिंपळ, दुसऱ्या टोकाला महापालिकेची पाण्याची टाकी. "पिंपळ म्हणा नाहीतर टाकी म्हणा. ते तर कोणाचेच उजवे नाहीत."

त्या दिवसापासून आमच्या मैदानावर उजवं-डावं बंद. 'पिंपळ!', 'टाकी!'. दोनच शब्द. आणि मी स्वतःला आवरायला मॅचच्या वेळी तोंडात खडीसाखर ठेवते. खडा मोठा घ्यायचा, चघळायचा नाही. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, अगदीच गरज पडली तर गालात सरकवायचा आणि एक शब्द टाकायचा. पोरांना हे कळलंय. त्यांच्यात म्हणे चर्चा होते, आज मॅडमनी किती खडे घेतले.

गंमत अशी की मी गप्प झाल्यावर पोरं बोलायला लागली. आधी त्यांचा एकमेकांशी आवाजच नसायचा, कारण माझ्या आवाजात तो ऐकूच आला नसता. आता बसलेली पोरं पळणाऱ्याला सांगतात, गडी मागून हूल देतोय, रेषेजवळ आलाय, पुढच्याला दे. ते तिथं आत बसलेले असतात, त्यांना माझ्यापेक्षा जवळून दिसतं. कुणी चुकीचं सांगतं, मग भांडणं होतात, मग पाणी पिताना मिटतात. दोघी तर आठवडाभर बोलत नव्हत्या. मी मध्ये पडले नाही. खडीसाखर होती म्हणून नाही, सराव होता तो. पडावंसं खूप वाटलं.

परवा कामठीला एका स्पर्धेला गेलो. दोन ऑटो करून. परतीच्या भाड्याची घासाघीस करून मी मैदानावर आले, तर माझी नऊच्या नऊ पोरं गोल करून उभी. कुजबुज चाललेली.

"तिकडे रसवंती आहे, इकडे डीपी आहे," बाटलीवाली सांगत होती. आता तेरा वर्षांची आहे, संघाची कर्णधार. "रस अन् डीपी. हळू बोला, तिकडच्यांले समजन."

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

"तुम्ही ऑटोवाल्याशी भांडून राहिल्या होत्या ना, तेव्हा."

नाणेफेक झाली, आमची पोरं आक्रमणाला बसली. मी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. पहिली तुकडी लवकर गेली. 'रस!', 'डीपी, डीपी!', 'रस!' असा आतून नुसता गजर चालला होता आणि समोरच्या संघाच्या सरांना वाटत होतं, आमच्या पोरांना तहान लागलीय. दुसऱ्या डावात मात्र दोन मिनिटं उरली, एक गडी रेषेवर हूल देऊन निसटायला निघाला, आणि मला राहवलं नाही. खडा गालात सरकवून मी जीव खाऊन ओरडले, "पिंपळ!"

पंचांसकट सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. तिथं पिंपळ नव्हता.